आरशातलं जबल अली

माझ्या स्वभावात क्षमा बसत नाही. वय झालं की माणसं निवळतात म्हणे. मी निवळले नाही. कुणी माझं काही घेतलं की ते वर्षानुवर्षं आठवतं आणि आठवलं की राग नव्याने येतो. नवरा म्हणतो, तुझ्या डोक्यात फ्रीज आहे, आत ठेवलेलं काही नासतच नाही. तो हे तक्रार म्हणून म्हणतो, मी कौतुक म्हणून घेते.

दोन हजार सालाच्या अलीकडचं-पलीकडचं सांगते आहे. दुबईत मेट्रो यायला तेव्हा अजून बराच अवकाश होता. आम्ही शारजात अल नहदाला राहायचो, दुबईच्या हद्दीला अगदी खेटून. मी पुण्यात कमर्शियल आर्ट शिकलेली. लग्नानंतर तिकडे गेले आणि दुबईच्या करामा भागातल्या एका डिझाइन ऑफिसात लागले. ब्रोशर, कॅटलॉग, कॅलेंडर, हॉटेलांची मेनूकार्डं असली कामं असायची. हाताला वळण होतं, डोळा बरा होता, आणि तोंडही होतं.

आमचा क्रिएटिव्ह हेड मराठीच होता. मूळचा मुंबईचा, मधली काही वर्षं अमेरिकेत काढून दुबईत आलेला. तिथून परत का यावं लागलं हे त्याने कधीच सांगितलं नाही. बाकी अमेरिकेबद्दल सांगायचं काही शिल्लक ठेवलं नाही. तो माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. पहिल्या आठवड्यात मला "तुम्ही" म्हणाला, दुसऱ्यात "अगं" वर आला. मी मात्र शेवटपर्यंत सर म्हणत राहिले. इथे अरेतुरे करते आहे, कारण तेवढं सुख मला हवं आहे.

त्याच्या केबिनबाहेरच्या भिंतीवर अमेरिकन शहरांतल्या गाड्यांचे नकाशे फ्रेम करून लावलेले होते. वॉशिंग्टनच्या नकाशातल्या रेषा इतक्या जाड की वाटावं कुणी बोटाने रंग फासलाय. बॉस्टनच्या नकाशात चार रंग गावाच्या मध्यावर एकमेकांना ओलांडून चहूकडे निघून जायचे. शिकागोच्या गाड्या शहराच्या मध्यात येऊन एका चौकोनाला प्रदक्षिणा घालायच्या आणि आल्या वाटेने परत फिरायच्या. न्यूयॉर्कचे तर दोन होते. जुन्यात सगळ्या रेषा आखीवरेखीव, एकतर सरळ नाहीतर ठरलेल्या कोनात तिरक्या. त्यातली शहराची मोठी बाग खरी लांबोडकी, पण नकाशात जवळजवळ चौकोनी झालेली, आणि पाण्याला निळा रंगच नाही. लोकांनी कुरकुर केली, म्हणून काही वर्षांनी तो बदलून दुसरा आणला. दुसऱ्यात खरे रस्ते, खऱ्या बागा, निळं पाणी. आमच्या साहेबाचा जीव पहिल्यावर होता. दुसऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणायचा, "हे लोकांपुढे घासलेलं नाक आहे. नकाशा म्हणजे भूगोल नव्हे! पॅसेंजरला काय हवं असतं? कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, कुठे उतरायचं. बाकी सगळा कचरा."

खोटं कशाला बोलू, त्या भिंतीपुढे उभं राहून मी शिकले. जेवणाच्या सुट्टीत डबा संपला की मी तिथे जायचे. रेषा कुठे वाकवायची, नाव रेषेच्या कुठल्या बाजूला लिहायचं, दोन स्टेशनांतलं अंतर नकाशात सारखं दाखवलं तरी माणसाला का चालतं, हे सगळं मला त्या काचांमागून कळलं. मेनूकार्डांवरच्या बुफेच्या चित्रांत आयुष्य जाणार असं वाटत असताना मला एकदम हवंहवंसं काम सापडलं होतं. फक्त तसं काम तिथे येत नव्हतं.

मग ते आलं. दुबईच्या दुसऱ्या टोकाला, जबल अली बंदराच्या करमुक्त फ्री झोनमध्ये कंपन्यांची माणसं नेणाऱ्या-आणणाऱ्या एका बस कंपनीला नकाशा हवा होता. शारजा आणि दुबईतून पहाटे निघालेल्या बसेस त्या अवाढव्य झोनमध्ये शिरायच्या आणि वेगवेगळ्या राउंडअबाउटना, म्हणजे गोल चौकांना, माणसं उतरवायच्या. गोदामं सगळी सारखी, रस्ते सारखे. नवा माणूस हमखास चुकीच्या ठिकाणी उतरायचा आणि उन्हातान्हात फाइल डोक्यावर धरून चालत राहायचा. माझा नवरा तिथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात होता. पहिल्या दिवशी तोसुद्धा असाच चुकला आणि दुसऱ्याच कंपनीच्या रिसेप्शनवर जाऊन "मी जॉइन व्हायला आलोय" म्हणाला होता. त्यामुळे हे काम माझ्यासाठी घरचंच होतं.

साहेबाने काम माझ्याकडे टाकलं आणि तो हॉटेलच्या मोठ्या कामात गुंतला. मी नवऱ्याबरोबर त्या बसने जाऊ लागले. खिडकीशी बसायचं आणि माणसं ड्रायव्हरला ठिकाण कसं सांगतात ते ऐकायचं. रस्त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. उत्तर-दक्षिण तर कुणाच्या तोंडीच नव्हतं. "गेट के बाद दूसरा राउंडअबाउट, सी साइड," नाहीतर "डेझर्ट साइड, टायर गोदाम के सामने." त्या देशात दिशा दोनच, समुद्राकडची आणि वाळवंटाकडची. म्हणून मी नकाशाच्या वरच्या अंगाला आडवा रुंद निळा पट्टा ओढला. उजवीकडे शारजा, मध्ये दुबई, डावीकडे जबल अली. साहेबाने पट्टा पाहून नाक मुरडलं. "पाण्यातून बस जाते का गं?" पण क्लायंटला पट्टा आवडला, म्हणून तो राहिला.

हा नकाशा मी कुठे काढला? घरी जेवणाच्या टेबलावर, शुक्रवारच्या सुट्ट्यांत. एका टोकाला मुलीचा होमवर्क, दुसऱ्या टोकाला माझा ट्रेसिंग पेपर, मध्ये आमटीचं पातेलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो नंतर चढला. इंग्रजी बाजू पुरी झाली त्या दिवशी मी प्रिंट काढून घरी नेली. नवरा ती बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "हा मला पहिल्या दिवशी मिळाला असता तर!" माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं बक्षीस होतं, आणि मला अजून एकच गोष्ट हवी होती. अमेरिकेतल्या त्या नकाशांपैकी एकाच्या कोपऱ्यात, भिंग लागेल एवढ्या बारीक अक्षरात, काढणाऱ्याचं नाव होतं. तसं माझं नाव हवं होतं.

त्या वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात साहेबाचं भाषण ठेवलं होतं. बर दुबईतल्या एका शाळेचा हॉल, बाहेर चकलीचा वास, आत झब्बे आणि पैठण्या. विषय, "अमेरिकेचे नकाशे आणि आपण." स्लाइड्स छान होत्या. वॉशिंग्टन झालं, बॉस्टन झालं, न्यूयॉर्कच्या नकाशाचा लोकांनी कसा घात केला ते झालं. मग पडद्यावर माझा नकाशा आला. माझा निळा पट्टा, माझे राउंडअबाउट. मी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"हे आत्ताचं काम," तो म्हणाला. "सध्या मी जबल अलीसाठी हा नकाशा केलाय. अमेरिकेत जे शिकलो ते सगळं यात ओतलंय." टाळ्या. मग त्याला मी दिसले असावे. "आमच्या ऑफिसातल्या एक ताई इथे बसल्यात. त्यांनी रंग भरायला फार मदत केली हं!" आणि लोकांनी माझ्याकडे वळून माझ्यासाठीही थोड्या टाळ्या वाजवल्या.

रंग भरायला! तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारी माझी मुलगी बसली होती. तिने तो नकाशा आमटीच्या पातेल्याशेजारी रेघारेघांनी वाढताना पाहिला होता. तिने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "मम्मा, यू ओन्ली कलर्ड इट?"

बाहेर फराळाच्या रांगेत एक बाई म्हणाल्या, "अशा माणसाच्या हाताखाली शिकायला मिळतं, नशीब आहे हो तुमचं." मी हसले. ते हसू मला अजून गिळता आलेलं नाही. गाडीत नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, मंडळाचं तर भाषण." मंडळाचं तर! ज्या माणसांनी माझ्याबद्दल काही चांगलं बोलावं असं मला त्या परक्या देशात वाटत होतं, ती सगळी त्या हॉलमध्ये होती.

शनिवारी ऑफिस उघडल्याबरोबर मी केबिनमध्ये गेले. "सर, रंग भरायला?"

"अगं, स्टेजवर असं बोलावं लागतं. लोकांना एक चेहरा लागतो." तो मेल वाचता वाचता बोलत होता. "तुझं काम चांगलंच आहे. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग कोपऱ्यात नाव कुणाचं जाणार?"

"क्रिएटिव्ह हेडचंच जातं. सगळीकडे तसंच असतं. मी टाकून घेतलंय ऑलरेडी."

बाहेर येऊन मी फाइल उघडली. होतं. इंग्रजीत होतं, अरबीत होतं. मी मनात म्हटलं, थांब. कसं ते मला माहीत नव्हतं, पण त्या माणसाला पाणी पाजायचं हे ठरून गेलं. आणि पाणी त्याने स्वतःच भरून ठेवलं होतं.

आता इथे एक रीत सांगायला हवी. त्या देशात काहीही छापायचं तर दोन बाजू लागतात. इंग्रजी डावीकडून उघडते, अरबी उजवीकडून. त्यामुळे अरबी पानाची मांडणी इंग्रजी पानाच्या उलट करायची असते, मथळा इकडचा तिकडे, चित्र तिकडचं इकडे. ही रीत बरोबरच आहे. पण साहेब अमेरिकेतून आला तो या रीतीच्या प्रेमातच पडला. त्याच्या डोक्यात फुलपाखरू बसलं. कागद उलगडला की मधल्या घडीच्या दोन्ही बाजू पंखांसारख्या जुळल्याच पाहिजेत. एकदा त्याने फोटोसकट सगळं उलटवलं, आणि एका मेजवानीच्या जाहिरातीत अरबी बाजूचे सगळे पाहुणे डाव्या हाताने बिर्याणी खाऊ लागले. आमचा अरबी टाइपसेटर सिरियाचा होता. त्याने छपाईच्या आधी ते पाहिलं म्हणून अब्रू वाचली. माणूस त्यावरून शिकला असेल असं वाटेल. शिकला नाही. त्यानंतर त्याने फक्त जेवणाचे फोटो उलटवणं बंद केलं.

नकाशाची अरबी बाजू मी आधीच करून ठेवली होती. नकाशा तोच, शारजा उजवीकडे, जबल अली डावीकडे, फक्त नावं अरबी. मांडणी उलटी, नकाशा सुलटा. साहेबाने प्रिंट घडीवर धरून पाहिली आणि चेहरा वाकडा केला. "हे जुळत नाहीये. नकाशा फ्लिप कर."

रागात होते तरी मी सांगितलं. कामाची चीड वेगळी, माणसाची वेगळी. "सर, फ्लिप केलं तर शारजा डावीकडे जाईल. समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की शारजा उजव्या हाताला येतं. राउंडअबाउटवरची सगळी वळणं उलटी होतील."

"अगं, किती वेळा सांगायचं? नकाशा म्हणजे भूगोल नव्हे. स्टॉपचा क्रम बरोबर आहे ना? बास. डावं-उजवं कुणी बघत नाही. अरबी माणूस उजवीकडून वाचतो, त्याला सुरुवात उजवीकडूनच हवी."

"पण सर, त्याच्या घराशेजारचा समुद्र काही त्याच्या लिपीप्रमाणे फिरत नाही."

तो हसला. अगदी प्रेमाने हसला, तेच मला जास्त लागलं. "डिझाइनचं मी बघतो. तू रंगाचं बघ."

"ओके सर," मी म्हटलं.

आणखी एकदा सांगता आलं असतं. अ‍ॅटलास आणून पुढ्यात ठेवता आला असता. क्लायंटला फोन करता आला असता. पण एकदा सांगितलं होतं, नीट, कारणासकट, आणि त्या बदल्यात मला रंगाकडे हाकललं होतं. एक बटण दाबलं आणि अख्खा किनारा पालथा झाला. जबल अली उजवीकडे गेलं, शारजा डावीकडे, आणि निळा पट्टा वर जिथे होता तिथेच निवांत पडून राहिला. इतकं मऊ मऊ समाधान मला कधी बाळंतपणानंतरही झालं नव्हतं.

टाइपसेटर अरबी नावं नव्याने बसवायला बसला आणि थांबला. आमची भाषा म्हणजे त्याची मोडकी हिंदी आणि माझी मोडकी हिंदी. "सिस्टर, ये तो उल्टा है."

"सर ने बोला."

"सर ने देखा?"

"देखा. बोला फ्लिप करो."

त्याने केबिनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत हसला. "सर का बटरफ्लाय. खलास." त्याचा व्हिसा कंपनीचा होता, म्हणून मी त्याला सांगून ठेवलं, कुणी विचारलं तर म्हण, मी फक्त अक्षरं लावली. तो म्हणाला, "इन्शाल्ला, कोई पूछेगा नहीं." मी मनात म्हटलं, इन्शाल्ला, जरूर पूछेगा.

पुढचे काही दिवस मी पोळ्या लाटताना गुणगुणत होते. नवऱ्याला संशय आला. सांगितल्यावर तो चरकलाच. "अगं, माणसं उलटीकडे उतरतील!"

"कुणी उतरत नाही. आधी क्लायंटपुढे मोठा बोर्ड जाणार आणि चार नमुने. त्यांनी होकार दिला की मग बसमध्ये चिकटायचे. आणि तिथला मॅनेजर अरबी आहे. अरबी बाजू तो वाचणारच."

"आणि नोकरी गेली तर?"

"व्हिसा तुझ्या नावावर आहे. मला कोण हाकलतंय?" ऑफिसातल्या बाकी कुणालाही हे म्हणता आलं नसतं. त्यांची नोकरी गेली तर देशच सुटायचा. नवऱ्याच्या व्हिसावर राहण्याचा मला इतकी वर्षं कमीपणा वाटायचा. त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

सादरीकरण जबल अलीतच होतं, क्लायंटच्या ऑफिसात. मॅनेजर तिथलाच, पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला, कमी बोलणारा माणूस. त्याच्याबरोबर आणखी दोघे, एक केरळचा, एक लाहोरचा. मी आणि टाइपसेटर मागच्या खुर्च्यांवर. माझ्या पायाशी नकाशांची गुंडाळी ठेवायची प्लास्टिकची नळी होती. त्यात मी केलेली सुलटी अरबी बाजू होती. बोर्डावरचं कापड निघालं, आणि खरंच सांगते, दिसायला सुरेख दिसत होता. दोन्ही पंख अगदी जुळलेले.

साहेब सुरू झाला. वॉशिंग्टन, बॉस्टन, शिकागो. "अँड हिअर, सर, इज माय ओन आयडिया. द अरेबिक साइड इज अ परफेक्ट मिरर ऑफ द इंग्लिश. फर्स्ट टाइम इन धिस कंट्री फॉर अ मॅप, सर, अँड आय डिड इट." पहिल्यांदाच झाला असणार, यात मला शंका नव्हती.

मॅनेजर उठला आणि अरबी बाजूपाशी गेला. बोट शारजावर ठेवलं. हळूहळू रेषेवरून नेलं. थांबला. परत शारजावर आला. मग हिंदीत बोलला, तिथल्या जुन्या माणसांना येते तशी सरळ हिंदी. "मैं शारजा में रहता हूँ. रोज इधर आता हूँ. समंदर मेरे राइट हैंड पे रहता है. आज सुबह भी था." त्याने बोट पुन्हा फिरवलं. "इसमें लेफ्ट में है. बीच में समंदर ने जगह बदली क्या, हबीबी?"

लाहोरवाला खोकला. साहेब हसून म्हणाला, "सर, इट इज अ डायग्राम, नॉट जिऑग्रफी. ईव्हन इन वॉशिंग्टन..."

"वॉशिंग्टन नहीं मालूम. ये तीसरा राउंडअबाउट मालूम है. इधर मेरा आदमी लेफ्ट जाता है, आप राइट भेज रहे हो. उधर खाली रेत है."

आता साहेब बोर्डाकडे बघू लागला. पहिल्यांदाच बघत होता. इतके दिवस त्याने पंख पाहिले होते, नकाशा पाहिला नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो वळला, आणि त्याचं बोट माझ्यावर आलं. "अ‍ॅक्चुअली सर, शी मेड द मॅप. आय ओन्ली सुपरवाइज्ड."

मी उठून उभी राहिले. "पूरा नक्शा मैंने बनाया, सर?"

"येस, येस."

"इंग्लिश साइड भी?"

"ऑफ कोर्स. फर्स्ट लाइन टु लास्ट, ऑल हर वर्क." सुटकेच्या घाईत त्याला कळलंच नाही की तो काय देऊन टाकतो आहे. मला कळत होतं. मी तो एकेक शब्द पदरात घेत होते.

मॅनेजर वाकला आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. आधी अरबीतली, मग इंग्रजीतली. "तो इधर नाम आपका क्यों है?"

मी नळी उघडली, सुलटी अरबी बाजू बोर्डावरच पसरून धरली. टाइपसेटरने न सांगता दुसरं टोक धरलं. मॅनेजरचं बोट पुन्हा शारजावरून निघालं, समुद्र उजव्या हाताला ठेवून दुबई ओलांडून जबल अलीच्या गेटात शिरलं, तिसऱ्या राउंडअबाउटला डावीकडे वळलं आणि थांबलं. "सही है," तो म्हणाला. "फिर उल्टा कैसे हुआ?"

"ऑफिस का नियम है, सर. अरबी साइड शीशे जैसी होनी चाहिए."

"किसका नियम?"

बोलायची गरजच नव्हती. सगळेजण साहेबाकडे बघत होते, आणि मीही शिस्तीत त्याच्याकडेच बघत होते. मॅनेजरने मान हलवली. "ये वाला छापो. नाम ठीक करो. यल्ला." आणि तो चहा मागवायला लागला. बाकी साहेबाने चहा घेतला नाही.

नवी छपाई आली तेव्हा कोपऱ्यात माझं नाव होतं, दोन्ही लिप्यांत, भिंग लागेल एवढं बारीक. एक प्रत मी मंडळाच्या अध्यक्षांच्या घरी स्वतः नेऊन दिली, पुढच्या कार्यक्रमात हॉलच्या फलकावर लावा म्हणून. हो, इतकी मी कोती आहे. फराळाच्या रांगेतल्या बाईंना तिथे उभं करून वाचायला लावलं. मुलीने नाव बोटाने चाचपलं आणि विचारलं, "सो यू मेड ऑल ऑफ इट?"

"ऑल," मी म्हणाले.

त्या नकाशाचं पुढे बरंच कौतुक झालं. बसमधली माणसं, बस कंपनीवाले, आमचे मालक, सगळे एकच गोष्ट बोलायचे, की इतक्या रेषा आहेत पण एक रेषा दुसरीला कुठेच छेदत नाही. शारजापासून पाच रंग शेजारी शेजारी येतात आणि गेटापाशी गुंता न होता आपापल्या वाटेला लागतात.

एका दुपारी साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्या मीटिंगनंतर त्याचं माझ्याशी कामापुरतंच बोलणं होतं. टेबलावर छापील नकाशा पसरलेला होता. त्याने तो न विचारता आपल्याकडे फिरवला आणि गेटाच्या जागी, जिथे रेषा फाकतात तिथे, बोट टेकवलं.

"हे माझं आहे," तो हळू म्हणाला. त्याने पहिल्यांदाच मला परत "तुम्ही" म्हटलं. "तुम्हाला आठवत असेल."

मला आठवत होतं. अगदी सुरुवातीला गेटापाशी माझ्या रेषांची गाठ बसायची. काय काय केलं तरी सुटेना, आणि मी रडकुंडीला आले होते. हा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभा राहिला, मिनिटभर बघितलं आणि शारजाच्या टोकाला बोट ठेवून म्हणाला, "गेटाशी मारामारी नको करू. इथेच क्रम बदल. ज्या पुढे डावीकडे जाणार त्या इथूनच डाव्या बाजूला घे." आणि तो निघून गेला. मी क्रम बदलला आणि गाठ सुटली. त्या नकाशात जीव कशात असेल तर त्या क्रमात होता. ते मला सुचलं नव्हतं आणि सुचलं नसतं.

तो वाट बघत होता. कुणी ऐकत नव्हतं, त्याला कोपऱ्यात नाव नको होतं, माफी तर मागत नव्हताच. फक्त मी हो म्हणावं एवढंच त्याला हवं होतं.

"नाही सर," मी म्हणाले. "मला तर काही आठवत नाही."

त्याचा चेहरा मी नीट बघून घेतला, शेवटपर्यंत. मंडळाच्या हॉलमध्ये लोक माझ्याकडे वळून टाळ्या वाजवत होते तेव्हा मी कशी दिसत असेन हे मला कधी कळलं नव्हतं. आता कळलं. तो गेल्यावर मी नकाशा परत माझ्याकडे फिरवून घेतला, आणि त्या दिवशी घरी जाऊन पोटभर जेवले.